नसलेल्या हाताचा खेळ



सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माणसाला खेळ म्हटला कीं अभ्यासाचा खोळंबा आठवतो. पडद्यावर मोटारी पळविण्याचा जो खेळ आमच्या नातवानें घरांत आणला, त्याविषयीं माझें मत कांहीं चांगलें नव्हतें. अजूनही तें पुरतें पालटलें आहे असें म्हणवत नाहीं. तरी आज त्याच खेळाची बाजू मांडावयाची आहे, आणि त्याचें कारण माझी एक चूक आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा उजवा हात यंत्रांत सांपडून कोपराखालीं गेला. जखम भरून आली. पण गेलेल्या हाताची मूठ आवळलेली आहे, नखें तळव्यांत रुततात, असें तो सांगे. मीं म्हटलें, "अरे, हातच नाहीं तर दुखेल काय? मन घट्ट कर." तो "बरें, गुरुजी" म्हणाला. पुन्हां त्यानें तो विषय माझ्यापाशीं काढला नाहीं.

तें दुखणें खरें होतें. आंब्रोआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें सोळाव्या शतकांतच त्याची नोंद केली होती. अमेरिकेंतील यादवी युद्धांत हातपाय गमावलेले सैनिक पाहून वेअर मिचेल यांनीं १८७१ सालीं त्याला 'भुताचा अवयव' अशा अर्थाचें नांव दिलें. हात तुटला तरी मेंदूंतील त्याची जागा पुसली जात नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत डॉ. रामचंद्रन् यांनीं साधा आरसा उभा करून शाबूत हाताचें प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागीं दाखविलें. मूठ उघडलेली दिसली आणि कित्येकांची कळ उतरली.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें चाल्मर्स विद्यापीठांत मॅक्स ऑर्टिझ कॅटालान यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकलें. थोट्या हाताच्या कातडीवर ते विद्युत्स्पंद टिपणाऱ्या चकत्या चिकटवितात. रुग्णानें नसलेली मूठ उघडूं म्हटलें कीं उरलेले स्नायू किंचित् आखडतात. संगणक ती खूण ओळखतो आणि पडद्यावर, रुग्णाच्याच चित्रांत, जोडलेला हात मूठ उघडतो. मग त्याच इच्छेच्या बळावर मोटारींची शर्यत खेळावयाची! तीच हालचाल शंभरदां करा म्हटलें तर माणूस कंटाळेल. शर्यतींत तो मोजीतही नाहीं. शिवाय आरशाला दुसरा हात लागतो, येथें लागत नाहीं.

२०१४ सालच्या त्यांच्या वृत्तांतांतील गृहस्थ ४८ वर्षें ही वेदना सोशीत होते. त्यांना उतार पडला. पुढें इतर उपायांनीं गुण न आलेल्या १४ जणांच्या बारा बैठकी झाल्या. २०१६ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आलेल्या अहवालाप्रमाणें त्यांची वेदना सुमारें निम्म्यानें घटली. माणसें थोडीं आणि तुलनेला दुसरा गट नाहीं; तेव्हां रामबाण म्हणण्याची घाई नको.

हें वाचून मीं त्या विद्यार्थ्याचें घर शोधीत गेलों. विचारलें, "मूठ अजून आवळते काय रे?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "रात्रीं, गुरुजी."

पुढच्या आठवड्यांत आम्ही दोघे डॉक्टरांकडे जाणार आहोंत. तो खेळ येथें मिळेल न मिळेल. आरसा तर घरचाच आहे.