निर्बंधांच्या यादीत तेल नव्हतं



मला विषय दिलाय युक्रेनचा. पण आक्रमण झालेल्या देशाला जग मदत करतं म्हणजे नेमकं काय करतं, हे बघायला मी तुम्हाला इथिओपियात नेणार आहे.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. (बाबासाहेबांची येवल्याची घोषणा त्याच महिन्यातली, १३ तारखेची.) दोन्ही देश राष्ट्रसंघाचे सभासद. एका सभासदावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला, असं कराराचं सोळावं कलम सांगत होतं. चार दिवसांत राष्ट्रसंघाच्या परिषदेने इटलीला दोषी ठरवलं, आणि १८ नोव्हेंबरपासून निर्बंध लागू झाले.

ती यादी वाचण्यासारखी आहे. इटलीला शस्त्रं नाहीत, कर्ज नाही, तिचा माल घ्यायचा नाही. रबर, कथील बंद. घोडे, खेचरं, गाढवं, उंटसुद्धा बंद! ॲल्युमिनियमही बंद, जे इटलीकडे स्वतःचंच भरपूर होतं. पण तेल? ते यादीत नव्हतं. कोळसा आणि पोलादही नव्हतं. सुएझ कालवा उघडाच राहिला. इटलीचे सैनिक जकात भरून त्यातून गेले. ब्रिटन-फ्रान्सला हिटलरविरुद्ध मुसोलिनी हाताशी हवा होता. यादीत काय आहे यापेक्षा काय गाळलंय, तिथे खरं धोरण असतं.

२०२२ मध्येही रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा परदेशातला पैसा काही दिवसांत गोठवला गेला, पण युरोपची रशियन गॅसची खरेदी सुरूच राहिली. तरी युक्रेनला शस्त्रं आणि पैसा मिळाला. इथिओपियाला काय मिळालं?

हल्ल्याआधीच ब्रिटन-फ्रान्सने दोन्ही देशांना शस्त्रं विकणं थांबवलं होतं. दोघांना सारखा नियम. इटलीचे स्वतःचे शस्त्रांचे कारखाने होते, इथिओपियाचे नव्हते. ‘परीक्षा सगळ्यांना एकच असते ना,’ हे आपल्याला ऐकवलं जातं, त्याच जातकुळीतला हा न्याय. राष्ट्रसंघाने पुढे इथिओपियावरची बंदी उठवली, तोवर उशीर झाला होता.

इटलीचा युक्तिवाद होता की इथिओपियात गुलामगिरी आहे, हा देश सुसंस्कृत राष्ट्रांत बसत नाही. गुलामगिरी होती, हे खरं. दक्षिणेतल्या लोकांवर सम्राटाच्या सरदारांचा जाच होता, हेही खरं. हैले सेलासीची आरती ओवाळायला मी इथे आलेलो नाही. पण मोहरी वायू टाकताना खाली गुलाम कोण आणि मालक कोण, हे विमानातून कोणी पाहिलं नाही. आतल्या अन्यायाचं निमित्त करून बाहेरचा मालक येतो, तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला त्याला कोणी विचारत नाही.

५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडलं. ३० जूनला सम्राट जिनिव्हात बोलायला उभे राहिले, तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. इथिओपियाने कर्ज मागितलं. ठरावाच्या बाजूने मत पडलं एकच, इथिओपियाचं स्वतःचं. १५ जुलैला निर्बंध उठले.

मदत दुसरीकडून आली होती. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांनी औषधांसाठी पैसे जमवले. त्यांच्यातलाच एक वैमानिक, शिकागोचा जॉन रॉबिन्सन, इथिओपियात जाऊन सम्राटासाठी विमान उडवत होता. अमेरिकेचं सरकार त्या काळात तटस्थ होतं, आणि अमेरिकन कंपन्यांचं तेल इटलीला जात होतं.