सोमलाच्या मातीतील झुडूप



कारखान्यांच्या फाटकांवर भाषणे करण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने आज झाडाझुडपांवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयातले. पण हा विषय मला कामगारांच्याच वाटेवर भेटला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस टेमर नदीच्या काठी डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स नावाची तांब्याची खाण १८४४ साली सुरू झाली. एका पौंडाचा भाग थोड्याच काळात आठशे पौंडांवर गेला! पुढे तांबे सरत आले, तेव्हा त्याच खनिजातून सोमल काढू लागले. खनिज भट्टीत भाजायचे, धूर लांबलचक बोगद्यांतून न्यायचा, आणि भिंतींवर जमलेली पांढरी पूड माणसांनी खरवडून काढायची. संरक्षण काय? नाकपुड्यांत कापसाचे बोळे आणि उघड्या कातडीला चिकणमातीचा लेप. हे वाचले तेव्हा तोंडाला नुसता रुमाल बांधून ॲसिडच्या टाकीवर वाकणारे आमचे कामगार मला आठवले.

विसाव्या शतकाच्या आरंभी खाण बंद पडली. मालक गेले, सोमलाचे ढीग राहिले. त्या ओसाड मातीत हीदर नावाचे, जांभळ्या फुलांचे रानटी झुडूप मात्र रुजले. ते कसे?

त्याच्या केसासारख्या बारीक मुळांत एक बुरशी राहते. झुडूप तिला साखर देते, ती त्याला अन्न मिळवून देते. १९८१ साली शेफील्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तांबे व जस्त घातलेल्या मातीत बुरशीवाचून हीदर टिकत नाही; बुरशी असली म्हणजे धातू मुळांतच अडकतो, पानांपर्यंत फारसा पोहोचत नाही.

सोमलाची गोष्ट आणखी अवघड. झाडाला हवे असलेले फॉस्फेट आणि हा सोमल यांची घडण इतकी सारखी, की दोघे एकाच दाराने आत शिरतात. दार लावून घ्यावे तर उपासमार! खाणीच्या जागेवरील बुरशी यातून मार्ग काढते, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ती दोघांनाही आत घेते, सोमलाचे रूप पालटते आणि त्याला परत बाहेर लोटते. फॉस्फेट मात्र ठेवून घेते.

मित्रहो, एकमेकांच्या आधाराने जगणाऱ्या या जोडीचे मला कौतुक आहे. पण बाहेर लोटलेला सोमल जातो कोठे? त्याच मातीत. टेकडी हिरवी दिसली, तरी ती स्वच्छ झालेली नसते. २००६ साली तो खाणप्रदेश जागतिक वारसा ठरला. त्या वारशात हे विषही आहे.

“इतकी वर्षे काम करतात, त्यांना कुठे काय होते?” हे वाक्य मी वाटाघाटींच्या टेबलावर अनेकदा ऐकले आहे. जो सोसतो त्याला बाधत नाही, हा हिशेब झुडपाच्या बाबतीतही खोटा आणि माणसाच्या बाबतीत तर क्रूर आहे. झुडपाने आपले काम केले. माती निवळण्याचे काम ज्यांनी ती नासवली त्यांच्याकडे आजही बाकी आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.