फटफटी घ्यायची, पण आपल्या मापाची

आज गाडीबद्दल बोलू या. दुचाकीबद्दल. गटाच्या बैठकीत आता शेळ्या आणि शिलाई मशीनच्या जोडीला गाडीसाठीही कर्ज मागितलं जातं. कुणाला पशुसखी म्हणून चार गावं फिरायची असतात, कुणाला मसाले-पापड घेऊन खामगाव गाठायचं असतं. आणि कुणाला, खरं सांगायचं तर, एकदा तरी आपल्या हातानं गाडी चालवत शेगाव, लोणार, सिंदखेड राजा करून यायचं असतं. हेही कारण काही हलकं नाही. आपल्या मराठी मुलुखातली रमिला लटपटे मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर जग बघायला निघाली. आपल्याला तूर्त जिल्हा पुरे.

पण जिल्हाही सोपा नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव हा पट्टा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा, तिथं ट्रकांची रांग. मलकापूरकडून बुलढाण्याला चढायचं तर राजूर घाट. बुलढाण्याहून खामगावला बोथ्यावरून गेलात तर ज्ञानगंगा अभयारण्यातली वळणं. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजावरून गेला, पण त्यावर दुचाकीला मनाई आहे, म्हणून तो आपल्या हिशेबात धरू नका. आणि डांबर सोडून शिवारात वळलं की पांदण रस्ता. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला कशी धरते, ते मी तुम्हाला काय सांगू!

शोरूममध्ये पहिली गोष्ट निघते मायलेजची, मग रंगाची, मग हप्त्याची. घरची पुरुष मंडळी इंजिन किती सीसीचं ते विचारतात. माझं म्हणणं, बाईनं आधी दोन गोष्टी बघाव्या: उंची आणि वजन. शिलाईची टेप सोबत न्या. रोजची चप्पल घालून टाचेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत आपलं माप घ्या, मग जमिनीपासून सीटपर्यंत गाडीचं. स्प्लेंडरची सीट सुमारे ३१ इंचांवर आहे. कच्च्या रस्त्यासाठी म्हणून विकली जाणारी एक्सपल्स २०० साडेबत्तीस इंचांच्या आसपास. दीड इंच ऐकायला थोडं वाटतं, पण चिखलात गाडी एका बाजूला कलली आणि पाय टेकला नाही, की त्याच दीड इंचानं पडायला होतं. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकले पाहिजेत.

आता वजन. टीव्हीएस एक्सएल १०० नव्वद किलोच्या आत, अॅक्टिवा शंभराच्या थोडी वर, स्प्लेंडर साधारण ११२ किलो, एक्सपल्स १५८ च्या घरात आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन दोनशेच्या जवळ. लडाखला जाणारी पोरं हिमालयन नेतात ते ठीक. पण पांदणीत गाडी आडवी झाली आणि आजूबाजूला कुणी नसलं, तर दोनशे किलो कोण उचलणार? कच्च्या रस्त्यावर गाडी कधी ना कधी पडतेच. म्हणून विकत घेण्याआधी शोरूमवाल्याला सांगा, गाडी जुन्या पोत्यावर हळूच आडवी करू द्या, मला उचलून बघायची आहे. तो हसेल. हसू द्या. उचलायची रीत अशी: आधी चावी बंद. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. गिअरची असेल तर गिअरमध्ये टाका, म्हणजे चाक फिरणार नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसा, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागची दांडी, आणि पायांच्या जोरावर मागं सरकत उठा. कमरेनं वाकून ओढू नका, कंबर जाईल.

चाकाचंही तसंच. स्कुटीच्या प्रकारातल्या गाडीचं चाक दहा-बारा इंचांचं, ते खड्ड्यात बुडतं. एक्सएलचं १६ इंचांचं, स्प्लेंडरचं १८ इंचांचं. मोठं चाक खड्डा ओलांडून जातं. मात्र काळ्या मातीत पुढच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च भरून चाकच अडतं, तेव्हा एक काडी कायम डिक्कीत ठेवा. एक्सपल्ससारख्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड उंच असतं, तिथं हा त्रास कमी. उंच बाईला आणि ताकदवान पोरीला ती गाडी खुशाल घेऊ द्या. डांबरावरच फिरणाऱ्या बाईला स्कुटी बरी. पण लांबचा रस्ता आणि अधूनमधून शेतवाट, असं दोन्ही असेल तर शंभर-एकशेदहा सीसीची साधी मोटारसायकल मला सगळ्यांत पटते. पन्नास-पंचावन्नच्या वेगानं ती दिवसभर चालते, गावोगावचा मिस्त्री तिला ओळखतो, आणि टाकीत नऊ-दहा लिटर पेट्रोल मावतं. एक्सएलच्या टाकीत चारच मावतं.

साडी नेसून चालवणार असाल तर पदर खोचलेला हवा, ओढणी मागं गाठ मारलेली. मागच्या चाकाची साडी गार्ड कायद्यानं बंधनकारक आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ वा नियम. पोरं शोभेसाठी ती काढून टाकतात. काढू देऊ नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कर्ज आपल्या नावावर, हप्ता आपला, आणि आरसी बुकावर नाव नवऱ्याचं, असं आपल्याकडं सर्रास चालतं. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या माणसाचा. नाव नवऱ्याचं आणि चालवणारी तुम्ही, तर त्या विम्यातून तुमच्या लेकरांना काही मिळत नाही. आणि विना गिअरच्या लायसन्सवर गिअरची गाडी चालत नाही. म्हणून अर्ज करतानाच गिअरचं मागा. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तेवढा महिना गटातल्या एखादीची जुनी गाडी मागून रोज सकाळी मोकळ्या मैदानात फिरवा, शोरूमला त्यानंतर जा.