‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचा आकडा

हैदराबादेत काचीगुड्यास राहणाऱ्या एखाद्या मराठी गृहस्थांच्या हाती रक्ततपासणीचा कागद आला आहे, अशी कल्पना करावी. एकूण कोलेस्टेरॉल १८०, म्हणजे मर्यादेच्या आत. गृहस्थ निश्चिंत होतात आणि कागद कपाटात ठेवून देतात. खाली एच. डी. एल. या अक्षरांपुढे ३२ लिहिलेले असते. तिकडे त्यांचे लक्षच जात नाही.

कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ रक्तात विरघळत नाही. तो सूक्ष्म कणांतून वाहून न्यावा लागतो. एल. डी. एल. नावाचे कण वाढले, की तो रोहिण्यांच्या भिंतींत साचू लागतो. एच. डी. एल. कण तेथून तो उचलून यकृताकडे परत नेतात. त्यांतील कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमहून कमी भरले, तर ते अल्प समजतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ज्या पाहणीत महाराष्ट्रही होता, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. शंभरांतील सुमारे ७२ जणांत ते अल्प आढळले. एकूण कोलेस्टेरॉल अधिक असलेले मात्र शंभरांत १४ च होते. तेव्हा काचीगुड्याचा तो कागद जगावेगळा नव्हे.

मग हा आकडा औषधाने का वाढवू नये? तो प्रयोग होऊन गेला आहे. टॉर्सेट्रापिब या औषधाने एच. डी. एल. सत्तर टक्क्यांहून अधिक वाढले. परंतु ते घेणाऱ्यांत मृत्यूही अधिक झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ‘चांगले’ हे विशेषण जरा उदारपणेच दिले गेले, असे म्हणावे लागते. मद्याने हा आकडा थोडा वाढतो, हे ऐकून काही मंडळींना विशेष आनंद होतो. त्या आनंदाला वैद्यकाचा आधार नाही. तसेच एच. डी. एल. ६५ आहे म्हणून वाढलेल्या एल. डी. एल. कडे काणाडोळा करणेही घातकच.

अल्प एच. डी. एल. ही मुख्यतः एक खूण आहे. तिच्या सोबतीला बहुधा पोटाचा घेर, वाढलेली ट्रायग्लिसराइडे, मधुमेह, धूम्रपान वा बैठे जीवन यांपैकी काहीतरी असते. हैदराबादेतच तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांत साखर व तेल बेताने घ्यावे, डाळी व भाज्या वाढवाव्यात आणि नियमित व्यायाम करावा, असे सांगितले आहे. गृहस्थांनी तो कागद कपाटातून काढून डॉक्टरांकडे न्यावा, आणि रक्तदाब व रक्तातील साखर यांचे आकडेही बरोबर न्यावेत.