डीएनएच्या पेपरवर कोणाची सही?

  

क्रिकेटरची सही असलेली बॅट काचेच्या पेटीत ठेवणारे लोक आपल्याला माहीत आहेत. पण रिसर्च पेपरवर शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणारेही लोक आहेत, आणि हा छंद चांगलाच महागडा आहे. मी कोड लिहून पोट भरतो, माझ्याकडे अशी एकही प्रत नाही. पण लिलावांचे कॅटलॉग वाचायची सवय लागलीये. विज्ञानाचा इतिहास त्यात जरा वेगळ्या बाजूने दिसतो.

आधी एक शब्द समजून घेऊ: ऑफप्रिंट. इंटरनेटच्या आधी पेपर छापून आला की त्या लेखाच्या काही सुट्या प्रती लेखकाला मिळायच्या. त्याच छपाईच्या, पातळ, पिना मारलेल्या पुस्तिका. लेखक त्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवायचा. ज्यांच्या लायब्ररीत ते जर्नल यायचं नाही, ते लेखकाला पोस्टकार्ड टाकून प्रत मागायचे. आपल्याकडच्या कित्येक संशोधकांनी अशी पोस्टकार्डं पाठवलीयेत. प्रती मुळात थोड्या, त्यातल्या बऱ्याच पुढे कचऱ्यात गेल्या. म्हणून उरलेल्यांना भाव.

आता एकच पेपर घेऊ. २५ एप्रिल १९५३, 'नेचर'चा अंक, पान ७३७. वॉटसन आणि क्रिक, डीएनएचा दुहेरी गोफ. पण त्या अंकात याच विषयावर लागोपाठ तीन पेपर आहेत. दुसरा विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन यांचा. तिसरा रोझलिंड फ्रँकलिन आणि रेमंड गॉसलिंग यांचा. ऑफप्रिंट निघाला तो तिन्ही पेपरांचा मिळून. म्हणजे एका पुस्तिकेवर एकूण सात लेखक.

कलेक्टर म्हटल्यावर सातही सह्या हव्यात असं वाटणारच. इथेच गाडी अडते. फ्रँकलिन १६ एप्रिल १९५८ ला कॅन्सरने गेली. वय ३७. नोबेल मिळालं १९६२ मध्ये, वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सला. वॉटसनचं गाजलेलं पुस्तक आलं १९६८ मध्ये. म्हणजे या पेपरवर सही मागायला लोक रांगा लावायला लागले तेव्हा ती नव्हतीच. बाकीचे सहाही जण २००० सालापर्यंत हयात होते. गॉसलिंग २०१५ मध्ये गेला, वॉटसन २०२५ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. ज्याला आयुष्य जास्त, त्याच्या सह्या जास्त. इतकं साधं गणित आहे, आणि तितकंच अन्यायाचं. कारण ज्या एक्स-रे फोटोची सगळीकडे चर्चा होते, तो 'फोटो ५१', तिच्या हाताखाली गॉसलिंगने काढलेला होता, आणि तिला न सांगता वॉटसनला दाखवला गेला होता.

क्रिकची गंमत वेगळीच. लोकांच्या मागण्यांना तो इतका कंटाळला की त्याने नकाराचं कार्डच छापून घेतलं होतं. त्यावर मागण्यांची यादी: सही पाठवणं, फोटो देणं, तुमचा आजार बरा करणं (खरंच!), मुलाखत, भाषण, मानद पदवी स्वीकारणं. जी मागणी असेल तिच्यावर खूण करायची आणि पोस्टात टाकायचं. आपल्या ऑटो-रिप्लायचा आजोबाच म्हणा ना. आता ती कार्डंही लोक जपून ठेवतात!

अजून एक बारकावा. प्रत १९५३ ची असली तरी सही १९९५ ची असू शकते. म्हातारपणी कुठल्यातरी कार्यक्रमात केलेली सही माझ्या मते फक्त आठवण आहे, सेल्फीसारखी. पण पेपर छापला त्याच वर्षी एका शास्त्रज्ञाने दुसऱ्याला नाव घालून दिलेली प्रत हा पुरावा असतो: कोणी, कोणाला, कधी दाखवलं. कॅटलॉगमध्ये अशा प्रतीला 'असोसिएशन कॉपी' म्हणतात. भाव सोडा, मला तरी हीच प्रत खरी वाटते.

याच्या बरोबर उलटं उदाहरण आइन्स्टाइनचं. सापेक्षतेच्या १९०५ च्या पेपरचं मूळ हस्तलिखित त्याने छपाईनंतर ठेवलंच नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत युद्धकर्जासाठी काहीतरी द्या, अशी विनंती आली. मग सेक्रेटरी हेलन डुकास छापील पेपर वाचून दाखवतेय आणि हा स्वतःचाच पेपर पुन्हा हाताने उतरवून काढतोय! मध्येच म्हणाला म्हणे, की हे मला आणखी सोप्या शब्दांत मांडता आलं असतं. ती प्रत १९४४ मध्ये कॅन्सस सिटीत लिलावाला आली आणि तिच्यावर ६५ लाख डॉलरचे युद्धरोखे विकले गेले. आज ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, सगळ्यांसाठी.

सगळ्याच कागदांचं असं होत नाही. क्रिकने आपल्या १२ वर्षांच्या मुलाला १९ मार्च १९५३ ला, म्हणजे पेपर छापून यायच्या आधीच, सात पानी पत्र लिहून शोध समजावला होता. २०१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या लिलावात ५३ लाख डॉलरला गेलं, वर कमिशन वेगळं. घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. म्हणजे मूळ पत्र कोणाच्या कपाटात आहे ते आपल्याला ठाऊक नाही. फ्रँकलिनचं हस्ताक्षर मात्र संशोधकांना बघता येतं, तिची कागदपत्रं केंब्रिजच्या चर्चिल आर्काइव्ह्ज सेंटरमध्ये आहेत.

आणि आपल्या पिढीचं काय? ट्रान्सफॉर्मरचा २०१७ चा पेपर, आठ लेखक, थेट पीडीएफ. पहिली प्रत कोणती? सगळ्याच पहिल्या. प्रिंट काढून आठ सह्या घेता येतील, पण तो कागद तुमच्या ऑफिसच्या प्रिंटरचा. एक पेपर मात्र अजून सहीसाठी अडलाय: बिटकॉइनचा, ३१ ऑक्टोबर २००८ चा. तिथे पेन चालणार नाही. सातोशीच्या सुरुवातीच्या प्रायव्हेट कीने केलेली सही हवी. मीच सातोशी, असा एकाचा दावा लंडनच्या हायकोर्टाने २०२४ मध्ये फेटाळला.

आता तुमच्यासाठी एक काम. ओळखीचे कोणी प्राध्यापक रिटायर होत असतील तर त्यांचं कपाट रद्दीवाल्याकडे जायच्या आधी एकदा विचारून बघा, "सर, ऑफप्रिंट आहेत का?" काही सापडलं तर त्यांच्या परवानगीने फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाका. मुखपृष्ठाचा वरचा भाग नीट दिसू द्या, कोणी नाव घालून प्रत दिली असेल तर बहुतेक तिथेच लिहिलेलं असतं.