घरांतील अडगळ

३६ वर्षें मीं शाळेंत शिकविण्याचें काम केलें. दरवर्षीं दहावीच्या मुलांचे पालक भेटावयास येत, तेव्हां मी त्यांना एक प्रश्न हटकून विचारीत असें : "मुलाला अभ्यासासाठीं घरांत स्वतःची अशी जागा आहे काय?" निराळी खोली नको, एक पाट मावेल एवढीच जागा, पण उजेडाची आणि रोजची ठरलेली हवी, असें मी सांगत असें. पालक माना डोलवीत, आणि आपण कांहीं तरी मोलाचें सांगितलें असें मलाहि वाटे.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षाची गोष्ट. आमचें बिऱ्हाड पुण्याच्या एका पेठेंत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, अडीच खोल्यांचें. एका संध्याकाळीं फिरून परत येत होतों. जिना चढतांना पाहतों तों पहिल्या वळणावर, दिव्याखालीं, आमची नात पायरीवर बसलेली. मांडीवर भूमितीचें पुस्तक, शेजारीं कंपासपेटी. कोणी जाऊं-येऊं लागलें कीं ती पाय आखडून घेई. मीं विचारलें, "अगं, येथें काय करतेस?" ती म्हणाली, "आजोबा, येथें बरें पडतें. उजेड आहे." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर मीं तिची समजूत घातली असती, आणि विषय तेथेंच संपला असता.

घरांत आलों आणि परक्या माणसाच्या नजरेनें घर पाहूं लागलों. आमच्या घराला मोठी अशी एकच खिडकी, पूर्वेची. तिच्याखालीं माझ्या दोन लोखंडी ट्रंका, ट्रंकांवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर एक नादुरुस्त पंखा. ट्रंकांत काय होतें? पाठटाचणांच्या वह्या, सरावाच्या प्रश्नपत्रिका, जुनीं परिपत्रकें. निवृत्त झाल्यापासून त्यांतील एक कागदहि मीं उघडून पाहिला नव्हता. घरांतला सर्वांत चांगला उजेड मीं रद्दीला दिला होता, आणि नातीला जिन्यावर बसविलें होतें. इतक्या पालकांना विचारलेला प्रश्न मीं स्वतःला मात्र कधींच विचारला नव्हता.

आज घराच्या आवराआवरीविषयीं मी चार शब्द बोलणार आहें, ते ह्या अनुभवाच्या आधारानें.

अडगळ म्हणजे काय, हें प्रथम ठरवूं. जुनी वस्तु म्हणजे अडगळ नव्हे. स्वस्त वस्तु म्हणजेहि नव्हे. जी वस्तु स्वतः कोणाच्या उपयोगी पडत नाहीं आणि घरांतल्या माणसाची जागा अडवून बसते, ती अडगळ. मग ती कालच विकत आणलेली असो वा आजोबांच्या काळची असो.

ह्यावर पुष्कळांचें म्हणणें असें कीं, जागाच अपुरी, तेथें आवरून आवरणार काय? हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. परंतु मुंबईंत १९२० नंतरच्या दशकांत बांधल्या गेलेल्या बीडीडी चाळी आठवा. तेथील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेंत मोठमोठीं कुटुंबें पिढ्यानुपिढ्या नांदलीं, आणि गांवाहून आलेला पाहुणाहि सामावून गेला. त्या ओढगस्तीचें मला कौतुक करावयाचें नाहीं. माणसाला पुरेशी जागा मिळालीच पाहिजे. सांगावयाचें तें एवढेंच कीं, अशा खोलींत तीच जमीन दिवसांतून चार कामें करी. सकाळीं स्वयंपाक, दुपारीं पंगत, संध्याकाळीं मुलांचा अभ्यास, रात्रीं अंथरुणें. काम संपलें कीं त्याचें सामान उचललें जाई, म्हणून हें साधत असे. पाट भिंतीला टेकत, ताटें मांडणींत जात, अंथरुणाची वळकटी कोपऱ्यांत उभी राही. जी वस्तु कधींच उचलली जात नाहीं, ती जमिनीचा तेवढा तुकडा कायमचा आपल्या नांवावर करून घेते.

आपल्या जुन्या घरांची रचनाहि ह्याच धोरणाची होती. भिंतींतच कोनाडे आणि फडताळें असत; त्यामुळें सामानासाठीं खोलीची जमीन खर्च होत नसे. कपड्यांना दांडी, टोपीला खुंटी. स्वयंपाकघरांत मडक्यांची उतरंड असे : तळाशीं सर्वांत मोठें, वर क्रमाक्रमानें लहान. एका मडक्याच्या जागेंत पांच मडकीं राहत. उतरंडीचा आणखी एक गुण होता. तळचें मडकें हवें तर वरचीं सगळीं उतरावीं लागत. म्हणून रोजचें वर आणि क्वचित् लागणारें खालीं, हा नियम आपोआप पाळला जाई. आज आपण ह्याच्या उलट करतों. रोजची कढई चार पातेल्यांखालीं दडपलेली, आणि दिवाळीस लागणारा चकलीचा सोऱ्या मात्र अगदीं हाताशीं!

वर्षाच्या चक्रांत आवराआवरीचे दिवसहि नेमलेले होते. नवरात्रापूर्वीं घर झाडून-पुसून काढावयाचें. खंडेनवमीस हत्यारें-अवजारें स्वच्छ करून पुजावयाचीं, म्हणजे कोणतें गंजलें, कोणतें मोडलें, हें कळून येई. लक्ष्मीपूजनास नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहावयाचें. ज्यांनीं केरसुणीलाच लक्ष्मी म्हटलें, त्यांना घराचें अर्थशास्त्र पक्कें ठाऊक होतें. जुन्या कपड्यांसाठीं बोहारीण दारावर येई. तिच्या व्यवहारांत मात्र एक गंमत होती. लुगडीं जात, आणि त्यांच्या मोबदल्यांत पातेलें घरांत येई! बोहारीण आतां शहरांत क्वचितच दिसते. परंतु 'एकावर एक फुकट' अशी पाटी पाहून आपण दुकानांत शिरतों, तेव्हां काय करतों? पूर्वीं लुगडें तरी घराबाहेर जात असे. आतां नुसते पैसे जातात, आणि पातेलीं दोन येतात.

आतां आम्हीं काय केलें तें सांगतों. आमचा पहिला नियम असा कीं, आवरण्यास आरंभ स्वतःच्या वस्तूंपासून करावा. दुसऱ्याची अडगळ प्रत्येकाला चटकन् दिसते. मला पत्नीचीं भांडीं खुपत, पत्नीला माझी रद्दी खुपे, आणि मुलाला व सुनेला आम्हां दोघांचेंहि सगळेंच खुपे. परिणाम असा कीं, वर्षानुवर्षें कोणाचेंच कांहीं हलत नव्हतें. त्या रात्रीं मीं माझ्या ट्रंका उघडल्या आणि चार ढीग केले. रोज लागणारें, वर्षांतून एक-दोनदां लागणारें, दुसऱ्याच्या उपयोगी पडणारें, आणि कोणाच्याच उपयोगाचें नाहीं असें. पहिला ढीग रिकामाच राहिला. तो रिकामा ढीग पाहून मला जें कळावयाचें तें कळलें. मुलांनीं स्वतःच्या अक्षरांत काढलेलें शाळेचें एक हस्तलिखित आणि दोन वह्या मीं ठेवून घेतल्या. वह्यांतील कोरे कागद काढून नातीसाठीं कच्च्या कामाच्या वह्या शिवल्या. बाकीची रद्दी भरली १४० किलो. रद्दीवाल्यानें ती तीन खेपांत खालीं नेली, तेव्हां मन जरा हळवें झालें, हें कबूल करतों. परंतु शिकविलेलें मुलांपाशीं राहतें, टाचणवहींत राहत नाहीं, हें शिक्षकाला तरी कोणी सांगावयास नको.

दुसरा नियम : एका दिवशीं एकच कोपरा, पण तो पुरता. सबंध घर एकाच रविवारीं आवरूं म्हणणाऱ्यांचा संध्याकाळीं खोलीभर पसारा होतो, आणि रात्रीं तो जसाच्या तसा पुन्हां कपाटांत कोंबला जातो. रोज अर्धा तास, एक खण. झाला कीं थांबावें. आम्हांला सगळें घर आवरावयास सात आठवडे लागले.

तिसरा नियम मला पत्नीनें शिकविला. माझ्या आईच्या वेळचें तांब्याचें एक मोठें घंगाळ आमच्याकडे आहे. न्हाणीघरांत बादल्या आल्यापासून तें दाराआड पडून होतें. उत्साहाच्या भरांत मीं तें मोडीला काढावयाचें ठरविलें. ती म्हणाली, "अहो, तुमच्या ट्रंका गेल्या म्हणून माझें घंगाळहि जावें, असा कायदा आहे कीं काय? सासूबाईंनीं तें माझ्या हातीं दिलें होतें." मीं हात मागें घेतला. ज्याची वस्तु त्याचा निर्णय. जबरदस्तीनें आवरलेलें घर नीटनेटकें दिसेल, पण सुखाचें होणार नाहीं. मग तिनेंच तोड काढली. घंगाळ घासून दाराशीं ठेवलें आणि त्यांत रोजचें वर्तमानपत्र पडूं लागलें. तें भरलें कीं त्या दिवशीं रद्दी द्यावयाची. आठवणीची वस्तु राहिली, तिला कामहि मिळालें, आणि माझ्या गठ्ठ्यांना मर्यादा पडली. प्रत्येक जातीच्या वस्तूला असें एक भांडें, एक खण, एक फळी नेमून द्यावी. तेवढ्यांत मावेल तितकेंच ठेवावें.

जुन्या वस्तूंच्या जतनाविषयीं कोणी शंका घेतील, म्हणून एक उदाहरण देतों. पुण्यास बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, भांडीं, कोरीव दरवाजे अशा घरगुती वस्तु जमविल्या, लहानपणीं वारलेल्या आपल्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें, आणि १९७५ सालीं तो सरकारच्या स्वाधीन केला. साध्या अडकित्त्यापुढें तेथें माणसें थबकतात. कारण तेथें त्या अडकित्त्याला जागा आहे, उजेड आहे, आणि पाहणारा आहे. तोच अडकित्ता माळ्यावरच्या पोत्यांत असता तर ती अडगळच. आपल्या घरांतील वडिलोपार्जित वस्तूवर प्रेम असेल, तर तिला पोत्यांतून बाहेर काढावें, घासावें, समोर ठेवावें, आणि मुलांना तिची गोष्ट सांगावी. जिची गोष्ट आपण कोणालाच सांगणार नाहीं, ती वस्तु आपण कोणासाठीं राखून ठेवीत आहों?

आरोग्याचा विचारहि येथें आहे. भिंतीला चिकटलेल्या कपाटामागें पावसाळ्यांत ओल धरते आणि बुरशी येते; म्हणून कपाट आणि भिंत ह्यांत चार बोटें अंतर ठेवावें, वारा खेळूं द्यावा. न हलविलेल्या कागदांत कसर आणि वाळवी लागते. गच्चींत व सज्जांत टाकलेले फुटके डबे, कुंड्या, जुने टायर ह्यांत पावसाचें पाणी सांचतें, आणि डेंग्यूचा डास अशाच सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. अंड्यापासून डास होण्यास सुमारें आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हां आठवड्यांतून एक दिवस अशीं सर्व भांडीं पालथीं करून कोरडीं करावींत. घरांत वृद्ध माणूस असेल, तर त्याच्या अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर कांहींहि ठेवूं नये. रात्रीं अंधारांत त्या वाटेवरच्या पाटाला ठेंच लागून मोडलेलें हाड म्हातारपणीं लवकर सांधत नाहीं.

शेवटीं सजावटीविषयीं. आवरलेलें घर पुष्कळांना उघडें-बोडकें वाटतें, आणि मग तें भरण्यासाठीं शोभेच्या वस्तु येऊं लागतात. शोभा हवीच, परंतु आपल्या घरांची परंपरागत शोभा कशाची होती, हें पाहा. दाराशीं रांगोळी, चौकटीला आंब्याच्या पानांचें आणि झेंडूचें तोरण, देवापुढें ताजीं फुलें. रांगोळी दुसऱ्या दिवशीं पुसली जाते, तोरण सुकलें कीं उतरविलें जातें. ही शोभा जागा अडवीत नाहीं, तिच्यावर धूळ बसत नाहीं, आणि ती रोज नवी असते. भिंतीवर दहा चित्रें टांगण्यापेक्षां एकच चांगलें चित्र टांगावें आणि चार महिन्यांनीं तें बदलावें. तेंच घर पुन्हां नवें दिसतें.

आमच्या खिडकीखालीं आतां एक बैठें मेज आहे. त्यावर दिवा आहे, पुस्तकांपुरती एक फळी आहे, आणि बाकी कांहीं नाहीं. पहिल्या दिवशीं नात तेथें बसली, तिनें वही उघडली, आणि मग नकळत पाय आखडून घेतले, जिन्यावरची संवय! जाणारें-येणारें कोणी नाहीं हें लक्षांत आल्यावर तिनें ते सावकाश पसरले. सात आठवड्यांच्या श्रमाचें फळ मला त्या क्षणीं मिळालें.

श्रोतेहो, घर आवरावयाचें कोठून, असा प्रश्न आपणांस पडला असेल. आज रात्रीं नको. उद्यां सकाळीं, ऊन घरांत आलें कीं, सर्वांत चांगला उजेड कोठें पडतो तें पाहा, आणि त्या जागेवर कोण बसलें आहे तेंहि पाहा. तेथें माणसाऐवजीं सामान बसलेलें असेल, तर तेथूनच आरंभ करा.