वैयावृत्त्य आणि उतारवयाची पूर्वतयारी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी ज्या हातांनी या संस्थेची पायाभरणी केली, त्यांपैकी कित्येक हात आज काठीचा आधार शोधत आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे 44.5 लाख होती आणि त्यांतील सुमारे 14 लाख महाराष्ट्रात होते. दुकान, पेढी, शिक्षण, मंदिर यांची व्यवस्था या समाजाने दूरदृष्टीने लावली. परंतु मुले पुणे, बंगळुरू वा अमेरिकेत स्थायिक झाल्यावर घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याचे काय, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

शास्त्रकारांनी सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना केली आहे. ज्यांची सेवा करावयाची त्या दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे व्याधिग्रस्त, यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. 1834 मध्ये मुंबईत पांजरपोळ स्थापन झाले. त्याच्या निर्वाहासाठी व्यापारी महाजनांनी आपल्या व्यवहारांवर स्वेच्छेने लाग बसवून घेतला होता. थकलेल्या मुक्या जीवासाठी जी दृष्टी पूर्वजांनी दाखवली, ती घरातील वृद्धांसाठी दाखवणे अवघड नसावे.

प्रथम निवासाचा विचार करू. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील अनेक जुन्या इमारतींत आजही लिफ्ट नाही. गुडघे दुखू लागले की प्रथम मंदिर सुटते, मग बाजार सुटतो आणि शेवटी माणसांचा सहवासही सुटतो. मोठ्या खर्चाआधी लहान सुधारणा कराव्यात. शौचालयात व स्नानगृहात भिंतीला पक्के दांडे बसवावेत, घसरणाऱ्या फरशीवर रबरी मॅट असावी, रात्री पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवा जळत राहावा. इमारत पुनर्विकासाला जात असेल तर चर्चा केवळ वाढीव क्षेत्रफळाची नसावी. नव्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल काय, न्हाणीघराच्या दारातून चाकाची खुर्ची जाईल काय, हे नकाशा मंजूर होण्यापूर्वी विचारावे. बांधकामाच्या काळात भाड्याचे घर शक्यतो त्याच परिसरात घ्यावे. नेहमीचे डॉक्टर, मंदिर आणि शेजार एकाच वेळी हरवले तर वृद्ध मनुष्य फार लवकर खचतो.

काहींना वृद्धनिवास अधिक सोयीचा वाटेल आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र पैसे भरण्याआधी काही प्रश्न लेखी विचारावेत. अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर ठेवून घेणार काय? रात्री प्रशिक्षित परिचारिका असते काय? कंदमूळविरहित आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन मिळेल काय? अनामत रक्कम कोणत्या अटीवर व किती दिवसांत परत मिळेल?

आता हिशेबाकडे वळू. व्यापारी यंत्रसामग्रीच्या घसाऱ्याची तरतूद दरवर्षी करतो. देहाच्या घसाऱ्याची तरतूद मात्र ताळेबंदात क्वचितच आढळते. समजा, घरी ठेवलेल्या मदतनिसावर दरमहा 30,000 रुपये खर्च झाले, तर वर्षाला 3,60,000 आणि पाच वर्षांत 18 लाख रुपये होतात. नेहमीचा आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांसाठी असतो. हा घरचा खर्च त्यातून सहसा मिळत नाही. 70 वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. ते कार्ड अवश्य काढावे. परंतु तेही योजनेशी संलग्न रुग्णालयातील उपचारांपुरतेच आहे. एप्रिल 2024 पासून नवा आरोग्य विमा घेण्यासाठी 65 वर्षांची वयोमर्यादा राहिलेली नाही. घर स्वतःचे आहे पण हाती रोकड नाही, अशा साठीपुढील व्यक्तींसाठी 2007-08 च्या सुमारास रिव्हर्स मॉर्गेज योजना आली. घरात राहूनच घराच्या मूल्यावर बँकेकडून ठराविक रक्कम घेता येते. ती घेण्यापूर्वी वारसांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे.

पैसा असूनही माणूस गोंधळतो, कारण त्याची बाजू समजून घेऊन मांडणारे कोणी नसते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, मधुमेहाचे वेगळे, हाडांचे वेगळे. तिघांच्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारी व्यक्ती घरात नसते. डोलो आणि क्रोसिन ही एकाच पॅरासिटामॉलची दोन नावे आहेत, हे न कळल्याने दोन्ही गोळ्या घेतल्या जातात. येथे रुग्णमित्र म्हणून काम करणाऱ्या अनुभवी परिचारिकेचे मोल कळते. ती उपचार ठरवत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा आहे. ती औषधांची एकच यादी तयार करते, डिस्चार्ज कार्ड समजावून सांगते, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देते आणि घर पाहून पडण्याचा धोका कोठे आहे ते दाखवते. रुग्णालयाकडे कागदपत्रांची मागणी कशी करावी, हेही तिला ठाऊक असते. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत रुग्णाची कागदपत्रे देणे बंधनकारक आहे.

धर्माचरण करणाऱ्या कुटुंबाला अशा परिचारिकेची गरज विशेष भासते. चौविहार पाळणाऱ्याची रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी घेता येईल काय, हे तिने डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पर्युषण असो वा दशलक्षण, मधुमेही व्यक्तीने उपवासाचा संकल्प करण्यापूर्वी इन्सुलिनचे प्रमाण विचारून घेतलेच पाहिजे. अनेक कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी वा पातळ औषध उपलब्ध आहे काय, असा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. संकोचापोटी गुपचूप औषध टाळण्यापेक्षा तो मार्ग कितीतरी सुरक्षित आहे.

ब्युरोमार्फत येणारी मदतनीस आणि नोंदणीकृत परिचारिका यांतील भेदही ओळखावा. स्नान, भोजन, सोबत यांसाठी मदतनीस पुरेशी असते. इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी, नाकातील नळी यांसाठी प्रशिक्षित हात हवेत आणि अशा परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी.

कागदपत्रांबाबत तीन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. सोसायटीतील नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. त्यासाठी दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र हवे. मायेपोटी हयातीत घर बक्षीस द्यावयाचे असेल, तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. ती अट मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम 23 खाली असे हस्तांतरण रद्द करून घेता येते. तिसरी गोष्ट, सर्व कागदांचा ठावठिकाणा पती-पत्नी दोघांनाही माहीत असावा. पतीच्या पश्चात बँकेचे खाते कोठे आहे, येथपासून शोध घ्यावा लागणाऱ्या भगिनी आजही आहेत.

यापुढचा विषय नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी अग्रिम वैद्यकीय निर्देशास मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तो करता येतो. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहावयाची असतात. बरे होण्याची आशा नसलेल्या आजारात रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास असमर्थ झाला, तरच वैद्यकीय मंडळांच्या संमतीने तो अंमलात येतो. असे निर्देश जपून ठेवणारे अधिकारी नेमले जावेत, यासाठी मुंबईतील डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला.

याची संथाऱ्याशी गल्लत करू नये. संथारा हे गुरूंच्या अनुज्ञेने, जागृत अवस्थेत घेतलेले व्रत आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने 10 ऑगस्ट 2015 रोजी त्याविरुद्ध निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2015 रोजी त्या निर्णयास स्थगिती दिली. अग्रिम निर्देश हा केवळ वैद्यकीय दस्तऐवज आहे. मात्र शेवटचे दिवस अतिदक्षता विभागातील यंत्रांच्या सान्निध्यात जावेत की नवकार मंत्राच्या, याची इच्छा शुद्धीवर असतानाच मुलांना सांगितली पाहिजे. ती न सांगितल्यास निर्णयाचा भार मुलांवर पडतो आणि ‘आपण योग्य केले काय’ हा सल त्यांना आयुष्यभर राहतो.

अशी व्यवस्था अशक्य नाही, याची उदाहरणे देशातच आहेत. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून असाध्य कर्करुग्णांची शुश्रूषा करीत आहे. केरळमध्ये 1993 साली कोळिकोड येथे वेदनाशामक सेवेचे कार्य सुरू झाले. पुढे गावोगावच्या लोकांनी लहान देणग्या व स्वयंसेवक दिले, परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या आणि 2008 मध्ये राज्य शासनाने त्याचे धोरण केले. त्या कार्याचा आरंभ मोठ्या इमारतीने झाला नव्हता.

म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्तांपुढे नम्र प्रस्ताव आहे. ट्रस्टने एक अनुभवी नोंदणीकृत परिचारिका मानधनावर नेमावी. तिने आठवड्यातून दोन दिवस ट्रस्टच्या कार्यालयात बसावे आणि उरलेले दिवस एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी जावे. तिच्यासोबत तरुण स्वयंसेवकांची जोडी असावी. खर्चासाठी पूर्वजांप्रमाणेच लाग बसवता येईल. प्रत्येक पेढीने दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी वैयावृत्त्य निधीच्या नावे एक रक्कम लिहावी. शासनाची 14567 ही ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनही प्रत्येक घरातील दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावी.

ज्या ज्येष्ठांनी पन्नास वर्षे या संघाचा भार वाहिला, त्यांना उतारवयात कोणाच्या दारी याचना करावी लागू नये. या वर्षीच्या क्षमापनेपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून या विषयावर बोलावे, इतकीच विनंती.

जय जिनेंद्र.